जुन्या ब्रिटिश गाडीची तेलगळती : शोध कसा घ्यावा आणि दुरुस्ती कोणत्या क्रमाने करावी

तीन वर्षांपूर्वी माझ्या १९७१ च्या एमजीबी जीटी या ब्रिटिश स्पोर्ट्स गाडीच्या बेल हाउसिंगखालून, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामधल्या क्लचच्या आवरणाखालून, तेल ठिबकू लागले. ज्या गॅरेजमध्ये गाडी नेली, तिथे खाली वाकून पाहताक्षणी निदान झाले : क्रँकचे (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याचे) मागचे सील गेले आहे, इंजिन उतरवावे लागेल. इंजिन उतरले, सील बदलले, त्यासोबत क्लच प्लेटही नवी बसली, भलेमोठे बिल आले आणि सहा आठवड्यांनी अगदी त्याच जागी तसाच थेंब पुन्हा लोंबू लागला. तेल मुळात मागच्या सीलमधून येतच नव्हते. ब्लॉकच्या (इंजिनाच्या मुख्य ओतीव भागाच्या) डाव्या अंगाला, मॅनिफोल्डच्या आड दडलेल्या पत्र्याच्या एका झाकणातून ते पाझरत होते, ब्लॉकच्या अंगावरून मागे ओघळत होते आणि बेल हाउसिंगच्या सर्वांत खालच्या टोकाला येऊन ठिबकत होते. त्या झाकणाचे कॉर्कचे गॅस्केट, म्हणजे जोडात बसणारी गळतीरोधक पट्टी, चहा-नाश्त्याच्या पैशांत येते.

हा लेख त्या अनुभवातून लिहीत आहे. जुन्या ब्रिटिश गाड्यांची गळती बंद होत नाही असे म्हणणाऱ्या बहुतेकांनी गळतीचा उगम न शोधता सील बदललेले असते, किंवा इंजिनाच्या आत साठणारा दाब तसाच ठेवून गॅस्केटांवर गॅस्केटे घातलेली असतात. त्यामुळे या लेखात पायऱ्यांच्या क्रमाला मी फार महत्त्व दिले आहे. आधी धुणे, मग पाहणे, मग इंजिनाचा श्वास मोकळा करणे, मग वरून खाली एकेक जोड दुरुस्त करणे, आणि मागच्या सीलला सर्वांत शेवटी हात घालणे.

उदाहरणासाठी मी बीएमसी (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) या कंपनीचे बी-सिरीज इंजिन धरले आहे. १९६२ ते १९८० या काळात अॅबिंग्डनला तयार झालेल्या एमजीबीमध्ये ते १७९८ सीसीचे होते. त्याचाच १४८९ सीसीचा भाऊ मॉरिस ऑक्सफर्डमध्ये होता आणि तिच्यावरूनच आलेल्या आपल्या हिंदुस्तान अँबॅसेडरमध्येही. म्हणजे पुण्या-कोल्हापुरात कोणी जुनी पेट्रोल अँबॅसेडर जपून ठेवली असेल, तर खाली लिहिलेले बरेचसे तिलाही लागू पडेल.

शब्दांचा एक घोळ आधीच मिटवतो. आपल्याकडचे मेकॅनिक इंजिनाच्या वरच्या झाकणाला टॅपेट कव्हर म्हणतात. ब्रिटिश मॅन्युअलमध्ये त्याला रॉकर कव्हर म्हटलेले असते, आणि टॅपेट कव्हर म्हणजे ब्लॉकच्या बाजूला असलेली दोन छोटी झाकणे. या लेखात वरच्या झाकणाला रॉकर कव्हर आणि बाजूच्या झाकणांना साइड कव्हर म्हटले आहे. संप म्हणजे आपण ज्याला चेंबर म्हणतो ते, इंजिनाच्या तळाचे तेलाचे भांडे.

या इंजिनांतून तेल का गळते

या इंजिनांची मूळ रचना दुसऱ्या महायुद्धानंतरच्या पहिल्या दशकातली आहे. जोड बंद करण्यासाठी त्या काळी कॉर्क, कागद, फेल्ट आणि दोर ही साधने होती. झाकणे दाबलेल्या पातळ पत्र्याची होती आणि ती एक-दोन बोल्टांवर धरलेली असत. नवीन असताना हे जोड चांगले टिकत. परंतु पन्नास-साठ वर्षांत प्रत्येक मेकॅनिकने गळती थांबवायची म्हणून बोल्ट थोडा अधिक आवळला, पत्रा बोल्टाभोवती वाकला, दोन बोल्टांच्या मधला भाग वर उचलला गेला, आणि मग कितीही चांगले गॅस्केट घातले तरी त्याला सपाट बैठकच मिळेनाशी झाली.

दुसरे कारण क्रँकच्या मागच्या टोकाला आहे. तीन बेअरिंगांच्या जुन्या बी-सिरीज इंजिनात तिथे घासून बसणारे सीलच नव्हते. क्रँकवर उलट्या दिशेचे आटे कापलेले होते आणि क्रँक फिरताना ते आटे बाहेर येऊ पाहणारे तेल पुन्हा आत ढकलत. इंजिन चालू असेपर्यंत ही युक्ती उत्तम चालते. इंजिन थांबले की ढकलणारे कोणी उरत नाही आणि उरलेसुरले चार थेंब बाहेर येतात. एमजीबीला १९६४ च्या अखेरीस पाच बेअरिंगांचे इंजिन मिळाले आणि तेव्हापासून मागे रबराचे ओठवाले सील आले. आपल्या गाडीत कोणते इंजिन आहे हे आधी माहीत करून घ्यावे, कारण आट्यांच्या इंजिनाकडून संपूर्ण कोरड्या जमिनीची अपेक्षा करणे चुकीचे आहे.

तिसरे कारण सर्वांत महत्त्वाचे असून सर्वांत दुर्लक्षित आहे : क्रँककेसमधला, म्हणजे क्रँक ज्या पोकळीत फिरतो तिच्यातला, दाब. पिस्टनच्या रिंगांजवळून थोडा वायू नेहमीच खाली उतरतो. त्याला बाहेर पडायला ठरलेली वाट नसेल तर तो तेलाला सोबत घेऊन मिळेल त्या फटीतून बाहेर पडतो. अशा इंजिनाची एक जागा बंद केली की दुसरी गळू लागते आणि मालकाला वाटते की नवे गॅस्केट खराब निघाले.

पहिली पायरी : धुऊन कोरडे करणे

तेलाने माखलेल्या इंजिनावर गळतीचा उगम कोणालाही दिसत नाही. बॅटरीची तार काढावी, डिस्ट्रिब्युटर, कॉइल आणि कार्बोरेटरची तोंडे प्लास्टिकने बांधावीत, आणि थंड इंजिनावर रॉकेल किंवा डिग्रीझर ब्रशने लावून वर्षानुवर्षांचा चिखल-तेलाचा थर खरवडून काढावा. पाण्याचा जोराचा फवारा सीलांवर सरळ मारू नये. ब्लॉकच्या मागच्या टोकाला, बेल हाउसिंग जिथे जोडले जाते तिथला सांधा दात घासण्याच्या जुन्या ब्रशने साफ करावा, कारण पुढचा सगळा निवाडा तिथेच व्हायचा आहे.

गाडीखाली जायचे असेल तर ती नेहमी पक्क्या स्टँडवर उभी करावी. नुसत्या जॅकवर किंवा विटांच्या थप्पीवर उचललेल्या गाडीखाली कोणीही, अगदी मिनिटभरासाठीही, जाऊ नये. हातमोजे घालावेत, कारण वापरलेले इंजिन तेल कातडीला वारंवार लागणे आरोग्याला घातक असते.

दुसरी पायरी : गळणारे द्रव कोणते आहे ते ओळखणे

गाडीखाली रात्रभर मोठा पांढरा पुठ्ठा पसरावा आणि त्यावर चारही चाकांच्या जागा पेन्सिलीने आखून ठेवाव्यात, म्हणजे सकाळी प्रत्येक डाग गाडीच्या कोणत्या भागाखाली पडला ते नेमके कळते. इंजिनाचे तेल काळे किंवा गडद तपकिरी असते. मागच्या अॅक्सलचे तेल दाट असते आणि त्याला गंधकासारखा उग्र वास येतो. ब्रेक किंवा क्लचचे द्रव पातळ असते, बोटांना तेलापेक्षा वेगळे लागते आणि रंगावर पडले तर रंग उचलते. बेल हाउसिंगच्या उजव्या बाजूला क्लचचा स्लेव्ह सिलिंडर असतो. तिथून येणाऱ्या द्रवाला तेल समजून इंजिन उतरवल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत.

एमजीबीच्या गिअरबॉक्समध्ये एक अडचण आहे. तिच्यात इंजिनासारखेच २०डब्ल्यू-५० तेल घालायची पद्धत आहे, त्यामुळे वासावरून फरक कळत नाही. तिथे रंग पाहावा : गिअरबॉक्सचे तेल ज्वलनाच्या काजळीपासून दूर असल्याने पुष्कळ काळ स्वच्छ राहते.

तिसरी पायरी : पावडरची परीक्षा

इंजिन पूर्ण कोरडे झाले की सगळ्या जोडांवर टाल्कम पावडर हलकेच फुंकावी. मग गाडी पंधरा-वीस किलोमीटर चालवून आणावी, इंजिन चांगले तापले पाहिजे. परत आल्यावर हातात टॉर्च आणि छोटा आरसा घेऊन लगेच पाहावे. पांढऱ्या पावडरवर तेलाची ओली रेघ स्वच्छ दिसते, आणि त्या रेघेचे सर्वांत वरचे व सर्वांत पुढचे टोक म्हणजे गळतीचा उगम. चालत्या गाडीत वारा तेलाला मागे ढकलतो आणि वजन त्याला खाली ओढते, म्हणून थेंब जिथे पडतो ती जागा उगमाच्या खाली आणि मागे असते.

माझ्या गाडीच्या बाबतीत हीच परीक्षा निर्णायक ठरली. आरशात पाहिले तेव्हा बेल हाउसिंगच्या सांध्यावर पावडर अर्धी कोरडी होती, पण डाव्या बाजूने, मागच्या साइड कव्हरच्या खालच्या कडेपासून, बोटाएवढी रुंद ओली वाट तिरकी खाली उतरत होती आणि तिच्या कडेला पावडरच्या इवल्या गोळ्या जमल्या होत्या. सीलचा खर्च करण्याआधी हे करायला पाऊण तास पुरला असता.

पावडरने उलगडा होत नसेल तर तेलात अतिनील प्रकाशात चमकणारा रंग मिसळावा आणि अंधारात त्यासाठीचा दिवा लावून पाहावे. मॅनिफोल्डच्या मागच्या जागांसाठी ही पद्धत अधिक सोयीची आहे.

चौथी पायरी : इंजिनाला श्वास घेता येतो का

कोणतेही गॅस्केट उघडण्याआधी ही तपासणी झालीच पाहिजे. एमजीबीच्या इंजिनात ताजी हवा वरून, बहुधा तेल भरण्याच्या टोपीतून, आत येते, क्रँककेसमधून फिरते आणि पुढच्या साइड कव्हरला जोडलेल्या डब्यातून नळीवाटे बाहेर खेचली जाते. १९६४ ते १९६८ च्या गाड्यांत ही नळी इनलेट मॅनिफोल्डवरच्या झडपेला जाते, नंतरच्या गाड्यांत ती थेट कार्बोरेटरच्या शोषण-तोंडांना जोडलेली असते. त्याआधीच्या एमजीएसारख्या गाड्यांत नुसती एक नळी खाली रस्त्याकडे सोडलेली असे.

परीक्षा अगदी सोपी आहे. इंजिन तापवून मंद चालू ठेवावे, तेलाची टोपी काढावी आणि त्या तोंडावर पातळ प्लास्टिकच्या पिशवीचा तुकडा धरावा. तुकडा हलकेच आत ओढला गेला तर श्वसन ठीक आहे. तो वर उचलला जात असेल, किंवा तोंडातून धूर भकाभक येत असेल, तर दाब साठतो आहे.

दाब साठत असेल तर पुढील गोष्टी क्रमाने पाहाव्यात. साइड कव्हरवरच्या डब्यात तारेची जाळी असते आणि ती जुन्या तेलाच्या राळेने बुजलेली असते. डबा काढून रात्रभर रॉकेलमध्ये बुडवून ठेवावा आणि दोन्ही बाजूंनी आरपार फुंकर जाते का ते पाहावे. रबरी नळ्या आतून फुगून बंद होतात, बाहेरून धडधाकट दिसल्या तरी बदलाव्यात. मॅनिफोल्डवर झडप असेल तर तिच्यातला रबरी पडदा फाटला आहे का ते बघावे. फाटलेला पडदा तेल शोषून एक्झॉस्टमधून निळा धूर काढतो. टोपीतली गाळणी बदलावी, आणि ज्या वर्षाच्या गाडीला हवा घेणारी टोपी हवी तिला बंद टोपी लावली गेलेली नाही ना याची खात्री करावी. ही चूक फार सर्रास आढळते. आणखी एक चुकीची सवय म्हणजे कार्बोरेटरकडे जाणारी नळी काढून तिचे टोक मोकळे सोडणे. त्यामुळे इंजिनाला मिळणारे शोषण संपते आणि गळती वाढते.

एवढे करूनही दाब राहिला तर रिंगा आणि सिलिंडर झिजलेले असू शकतात. चारही सिलिंडरांचे कॉम्प्रेशन मोजावे. एखादा सिलिंडर इतरांपेक्षा दहा टक्क्यांहून अधिक खाली असेल तर त्यात चमचाभर तेल घालून पुन्हा मोजावे. आकडा चढला तर रिंगा गेल्या आहेत. मग गॅस्केटांवर पैसे घालवण्यात अर्थ नाही, इंजिनाचे काम आधी करावे लागेल.

माझ्या ओळखीच्या दोन गाड्यांची निम्म्याहून अधिक गळती नुसता हा डबा साफ केल्याने थांबली. म्हणून मी या पायरीवर इतका रेंगाळलो.

पाचवी पायरी : वरून खाली दुरुस्ती

रॉकर कव्हर काढल्यावर त्याची खालची कड काचेच्या सपाट तुकड्यावर ठेवून पाहावी. प्रकाश दिसेल तिथे पत्रा वाकलेला आहे. लाकडाच्या ठोकळ्यावर कड ठेवून हलक्या हातोडीने ती सपाट करावी. जुना गोंद आणि गॅस्केटचे तुकडे पूर्ण खरवडावेत, पण त्यावेळी पुशरॉडांच्या खाचांत काही पडू नये म्हणून कापड कोंबून ठेवावे. कॉर्कचे नवे गॅस्केट दुकानात वर्षानुवर्षे पडून आखडलेले असेल तर ते कव्हरपेक्षा लहान वाटते. अशा वेळी ते ओढून बसवू नये, काही तास कोमट पाण्यात ठेवले की ते पूर्ववत होते. वाळल्यावर कव्हरच्या बाजूला गॅस्केट सिमेंट लावून ते चिकटवावे, त्यावर वजन ठेवून रात्रभर सोडावे, आणि हेडकडची बाजू कोरडी ठेवून तिला ग्रीसचा नुसता हात फिरवावा. असे केल्याने पुढे टॅपेट सेट करताना कव्हर पुन:पुन्हा उघडले तरी गॅस्केट फाटत नाही.

कव्हरच्या दोन नटांखालची रबरे नेहमी बदलावीत, कारण तेल पुष्कळदा गॅस्केटमधून न येता तिथूनच वर येते. या नटांची आवळणी फक्त ४ पौंड-फूट, म्हणजे सुमारे साडेपाच न्यूटन-मीटर आहे. ही दोन बोटांनी छोटा पाना फिरवण्याइतकी ताकद झाली. आपल्या हाताची सवय याच्या कितीतरी पट आवळण्याची असते.

आता साइड कव्हर. दोन्ही कव्हरांपर्यंत हात पोहोचण्यासाठी कार्बोरेटर आणि मॅनिफोल्ड काढावे लागतात, आणि याच त्रासामुळे मागचे कव्हर तीस-तीस वर्षे कोणी उघडत नाही. प्रत्येक कव्हर मधल्या एकाच बोल्टावर असते. त्या बोल्टाखालचा वायसर झिजला की तेल कडेने न येता मधूनच येते, म्हणून गॅस्केटबरोबर वायसरही नवा घालावा. कव्हरचा पत्रा मध्ये खोलगट झाला असेल तर तो ठोकून सरळ करावा. ब्लॉकची बैठक पेट्रोलने पुसून पूर्ण कोरडी करावी. गॅस्केट कव्हरला आदल्या दिवशीच चिकटवून ठेवावे, कारण त्या अरुंद जागेत सुटे गॅस्केट हमखास सरकते आणि बाहेरून ते दिसत नाही. बोल्ट आवळताना कव्हरच्या कडेवर लक्ष ठेवावे : कॉर्क किंचित दाबलेला दिसला की थांबावे. कडेने कॉर्क फुगून बाहेर आला तर आवळणी जास्त झाली.

मॅनिफोल्ड काढलेलेच आहे तर ब्लॉकच्या मागच्या भागात असलेल्या तेलदाब-झडपेचा घुमटाकार नटही पाहून घ्यावा. त्याखाली दोन फायबरचे किंवा एक तांब्याचा वायसर असतो. इथून आलेले तेलही सरळ बेल हाउसिंगवर उतरते आणि मागच्या सीलवर आळ येतो. तांब्याचा जुना वायसर पुन्हा वापरायचा असेल तर तो लाल होईपर्यंत तापवून पाण्यात टाकावा, म्हणजे तो मऊ होतो.

दाबाच्या तेलाच्या नळ्यांना मी वेगळे महत्त्व देतो. ऑईल कूलरच्या नळ्या आणि मीटरकडे जाणारी छोटी रबरी नळी यांत इंजिनाचा पूर्ण तेलदाब असतो. गॅस्केटची गळती जमीन घाण करते, पण या नळ्यांपैकी एक फुटली तर काही मिनिटांत इंजिनातले तेल संपते आणि बेअरिंगे जातात. नळीवर बारीक भेगा दिसल्या, किंवा तिचे वयच माहीत नसले, तरी ती बदलून टाकावी.

जुन्या एमजीबीत तेलाचा फिल्टर लोखंडी वाटीत असतो आणि वाटीच्या वर, खाचेत, रबरी रिंग बसते. जुनी रिंग खाचेत चिकटून राहते आणि नवी तिच्यावर बसवली जाते. मग इंजिन सुरू करताच धार लागते. टाचणीने उकरून जुनी रिंग निघाल्याची डोळ्यांनी खात्री करूनच नवी बसवावी.

सहावी पायरी : पुढचे टोक

क्रँक पुलीच्या मागे तेल दिसत असेल तर टायमिंग कव्हरचे, म्हणजे इंजिनाच्या पुढच्या झाकणाचे, सील गेले आहे. रेडिएटर काढावा लागतो, पुलीचा नट ढिला करावा लागतो. सील बदलणे सोपे आहे, पण दोन गोष्टी चुकतात. पहिली म्हणजे पुलीच्या ज्या भागावर सील घासते तिथे खाच पडलेली असते. नखाला ती लागत असेल तर त्यावर पातळ स्टीलची बाही चढवावी, नाहीतर नवे सील काही महिन्यांत गळेल. दुसरी म्हणजे क्रँकवरचा तेल उडवणारा चकतीसारखा भाग. फेल्टच्या सीलच्या जुन्या कव्हरचा आणि रबरी सीलच्या नव्या कव्हरचा हा भाग वेगळा आहे, त्यांची सरमिसळ झाली की गळती कधीच थांबत नाही. नव्या प्रकारावर एफ हे अक्षर असते आणि ती बाजू इंजिनापासून बाहेर, म्हणजे पुढे, यायला हवी.

कव्हर बसवताना त्याचे बोल्ट आधी हाताने लावावेत, सीलच्या ओठाला तेल लावून पुली आत सरकवावी म्हणजे कव्हर आपोआप मध्यावर येते, आणि मगच बोल्ट आवळावेत. पुलीचा नट ७० पौंड-फुटांवर, म्हणजे सुमारे ९५ न्यूटन-मीटरवर जातो.

सातवी पायरी : चेंबर

चेंबरचे लांब गॅस्केट क्वचितच गळते. गळतात ते चार कोपरे, जिथे बाजूची गॅस्केटे पुढच्या-मागच्या मुख्य बेअरिंगच्या अर्धगोल कॉर्क पट्ट्यांना भेटतात. त्या प्रत्येक कोपऱ्यात न सुकणाऱ्या सीलंटचा वाटाण्याएवढा ठिपका ठेवावा. मी हायलोमार वापरतो. रोल्स-रॉइसच्या इंजिनांसाठी विकसित झालेला हा निळा लेप कायम चिकट राहतो आणि पुन्हा उघडताना त्रास देत नाही. सिलिकॉनची ट्यूब मात्र मी चेंबरजवळ येऊ देत नाही. बाहेर फुगलेली सिलिकॉनची कड आपल्याला दिसते, तेवढीच कड आतही फुगलेली असते, आणि ती तुटून तेलपंपाच्या जाळीत गेली तर गळतीपेक्षा शतपटीने मोठे नुकसान होते.

चेंबरची कड बोल्टांच्या छिद्रांभोवती वर आलेली असतेच. प्रत्येक छिद्र मागच्या बाजूने ठोकून सपाट करावे. बोल्ट मध्यापासून टोकांकडे, समोरासमोर, दोन-तीन फेऱ्यांत ६ पौंड-फूट म्हणजे सुमारे ८ न्यूटन-मीटरपर्यंत आवळावेत. एमजीबीत पुढचे बोल्ट आडव्या क्रॉसमेंबरच्या वर येतात, त्यामुळे इंजिनाचे माउंटिंग सोडून इंजिन थोडे उचलावे लागते.

आट्यांबद्दल एक सूचना. हे बोल्ट पाव इंची यूएनएफ (इंची मापाच्या बारीक) आट्यांचे आहेत आणि त्यांना ७/१६ इंची पाना लागतो. हरवलेल्या बोल्टाच्या जागी ६ मिलिमीटरचा बोल्ट घुसवला की तो दोन-तीन फेऱ्या जातो, मग आटे खातो, आणि ती जागा कायमची गळकी होते. त्याआधीच्या एमजी टीसी आणि टीडीमध्ये तर आटे मेट्रिक आणि बोल्टांची डोकी व्हिटवर्थ या जुन्या ब्रिटिश मापाची आहेत. त्यामुळे तिथे पान्याच्या मापावरून आट्यांचा अंदाज बांधू नये.

आठवी पायरी : मागचे सील

वरचे सगळे करून, इंजिन पुन्हा धुऊन, पुन्हा पावडर लावूनही तेल बेल हाउसिंगच्या आतूनच येत असेल, तरच इथवर यावे. बेल हाउसिंगच्या तळाला एक छिद्र असते आणि त्यात स्प्लिट पिन सैल लोंबत असते. ती हलत राहून छिद्र मोकळे ठेवते, म्हणजे आत आलेले तेल क्लचवर न जाता बाहेर पडते. ते छिद्र कोणी गळती लपवण्यासाठी बुजवलेले असेल तर आधी मोकळे करावे. तिथून काळे तेल येत असेल तर ते इंजिनाचे, स्वच्छ येत असेल तर गिअरबॉक्सच्या पुढच्या सीलचे. क्लच घसरत नसेल आणि रात्रीत दोन-चार थेंबच पडत असतील, तर पुढच्या वेळी क्लच बदलण्यासाठी इंजिन उतरेल तेव्हाच हे काम करावे असे माझे स्पष्ट मत आहे.

इंजिन उतरल्यावर क्लच, फ्लायव्हील आणि मागची प्लेट क्रमाने निघते. पाच बेअरिंगांच्या इंजिनात सील त्या प्लेटमध्येच बसते. सील जिथे घासते त्या क्रँकच्या गोलाईवर खाच असेल तर नवे सील जुन्याच खोलीवर दाबून बसवू नये, ओठ न झिजलेल्या भागावर येईल इतपत ते किंचित पुढे-मागे ठेवावे. सीलच्या ओठाला तेल लावावे आणि प्लेट क्रँकवर चढवताना ओठ उलटा दुमडला नाही ना हे बोट फिरवून पाहावे. नव्या सीलची पहिल्याच दिवशीची गळती बहुधा या दुमडण्यामुळे असते. प्लेटमागचे कागदी गॅस्केटही त्याच वेळी बदलावे, कारण तिथूनही तेल येते आणि ते सीलचेच वाटते.

तीन बेअरिंगांच्या इंजिनात बदलण्यासारखे सीलच नाही. तिथे आटे आणि त्यांच्याभोवतीच्या कव्हरातले अंतर महत्त्वाचे. बेअरिंगे झिजून क्रँक खाली बसला की हे अंतर वाढते, आणि त्यावर उपाय म्हणजे बेअरिंगांचे काम. तेल परत चेंबरमध्ये जाण्याची वाट साफ असावी आणि तेल डिपस्टिकच्या वरच्या खुणेपेक्षा जास्त भरू नये. फार पातळ आधुनिक सिंथेटिक तेलही या इंजिनात घालू नये. २०डब्ल्यू-५० खनिज तेलाने आट्यांचे काम बरे चालते.

इतर गाड्यांविषयी थोडक्यात

मिनीमध्ये इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच तेलात असतात, त्यामुळे गळती पाहताना गिअर बदलण्याचा दांडा जिथे गिअरबॉक्सबाहेर येतो तिथले छोटे सील प्रथम बघावे. जॅग्वारच्या ४.२ लीटरच्या एक्सके इंजिनात मागे दोराचे सील आहे. त्याला ठरावीक मापाच्या साधनाने आकार द्यावा लागतो आणि ते काम इंजिन उघडल्याखेरीज नीट होत नाही. तेवढ्यासाठी मी अनुभवी माणसाकडे जाण्याचा सल्ला देईन.

दुरुस्तीनंतर

कॉर्क पहिल्या काही उष्णतेच्या फेऱ्यांत बसतो. त्यामुळे साधारण ५०० किलोमीटरनंतर थंड इंजिनावर रॉकर कव्हर आणि चेंबरचे बोल्ट एकदा ठरलेल्या आवळणीवर तपासावेत, फक्त तपासावेत, वाढवू नयेत. पुठ्ठ्याची परीक्षा महिनाभर चालू ठेवावी आणि प्रत्येक पुठ्ठ्यावर तारीख लिहून तो ठेवून द्यावा. एक्झॉस्टच्या नळीवर तेल पडत असेल, ब्रेकपर्यंत पोहोचत असेल किंवा प्रवासात डिपस्टिकवर फरक दिसत असेल, तर गाडी वापरू नये. ब्रिटनमधल्या वाचकांनी लक्षात ठेवावे की चाळीस वर्षांहून जुनी, फारसे बदल न केलेली गाडी एमओटी या वार्षिक तपासणीतून मुक्त असली, तरी ती रस्त्यावर सुरक्षित स्थितीत ठेवण्याची जबाबदारी मालकावरच राहते.

काढलेले तेल गटारात किंवा मातीत ओतू नये. झाकणाच्या डब्यात भरून ब्रिटनमध्ये कौन्सिलच्या (स्थानिक प्रशासनाच्या) पुनर्वापर केंद्रात आणि भारतात वापरलेले तेल अधिकृतपणे घेणाऱ्याकडे द्यावे.

माझ्या एमजीबीखाली मागचे साइड कव्हर आणि पुढच्या साइड कव्हरवरचा श्वसनाचा डबा नीट केल्यापासून रात्रभरात कधी एक, कधी शून्य थेंब असतो. तो एक थेंब तेलदाब-झडपेच्या नटाचा आहे हे गेल्या महिन्याच्या पुठ्ठ्यावरून कळले आहे, आणि तांब्याचा नवा वायसर आणून ठेवला आहे.